कलपाचा डाग कपाळावरून निघत नाही, आणि दर वेळी पडतोच

केस छान काळे होतात, पण सोबत कपाळावर केसांच्या कडेने काळपट पट्टा उमटतो, कानाच्या वरच्या टोकाला ठिपका बसतो आणि मानेवर एखादा ओघळ. एकदा झालं तर माणूस सोडून देतो. पण महिन्या-दीड महिन्याने मुळं पांढरी दिसू लागली की पुन्हा कलप, पुन्हा तोच पट्टा आणि पुन्हा तीच घासाघीस. त्यामुळे इथे दोन गोष्टी बघायच्या आहेत: पडलेला डाग कसा काढायचा, आणि तो पुन्हा पुन्हा का पडतो. माझ्या मते दुसरी जास्त महत्त्वाची, पण कपाळावर डाग घेऊन बसलेल्या माणसाला आत्ता कारणमीमांसा नको असते. म्हणून आधी डाग.

डाग ताजा असेल तर

रंग लागून पाच-दहा मिनिटंच झाली असतील तर बाकी काही वाचू नका. कापसाचा बोळा कोमट पाण्यात भिजवून पिळा, त्यावर थोडा साबण किंवा फेसवॉश घ्या आणि डाग आधी टिपा, मग पुसा. हा क्रम उलटा झाला की ठिपक्याचा पट्टा होतो. एकदा पुसलं की बोळ्याची बाजू बदला, नाहीतर काढलेलाच रंग शेजारच्या कातडीवर लागतो. केसांवर रंग अजून मुरत असेल तर फेस केसांच्या कडेपर्यंत नेऊ नका, नाहीतर तेवढ्याच जागी पांढरे केस तसेच राहतील.

इथे बहुतेकजण फसतात ते एका साध्या कारणाने. कालवलेला क्रीम डाय लावताना फिका असतो, पिवळट किंवा तपकिरी. कपाळावर सांडला तरी क्रीम सांडल्यासारखं वाटतं, ‘नंतर पुसू’ म्हणून माणूस पुढची बट उचलतो. रंग हवेत आणि डेव्हलपरच्या, म्हणजे क्रीममध्ये कालवायच्या दुसऱ्या भागाच्या, संगतीत हळूहळू गडद होत जातो. अर्ध्या तासाने आरशात बघितलं की ठिपका काळाभोर, आणि तोवर तो मुरलेलाही असतो. म्हणजे डाग दिसायला लागतो तेव्हा काढायची सोपी वेळ गेलेली असते. लावताना दर दोन-तीन बटांनंतर कडेवरून एकदा ओला बोळा फिरवणं हा एकच बदल केला तरी निम्मं काम होतं.

तो इतका चिकट का

पक्का रंग दोन भागांत येतो. क्रीममध्ये पीपीडी, म्हणजे पॅरा-फेनिलीनडायमिन, किंवा त्याच्या जातकुळीतलं रसायन असतं, सोबत रेसॉर्सिनॉलसारखं जोडीदार रसायन आणि केसाचे खवले उघडायला अमोनिया किंवा तसंच काही. डेव्हलपरमध्ये हायड्रोजन पेरॉक्साइड, ३ ते १२ टक्के. घरगुती डब्यांत बहुधा ६ टक्क्यांच्या आसपास. दोन्ही एकत्र केले की बिनरंगाचे बारीक रेणू केसात शिरतात आणि तिथे पेरॉक्साइडमुळे एकमेकांना जोडून मोठे, रंगीत रेणू होतात. आत शिरताना लहान होते, आता मोठे झाले, बाहेर पडायला वाट नाही. म्हणून शाम्पूने रंग जात नाही.

आता अडचण अशी की केस केराटिनचा, आणि आपल्या त्वचेचा सगळ्यात वरचा थरही केराटिनने भरलेल्या मृत पेशींचा. अशा पेशींचे साधारण १५ ते २० पदर असतात. रंगाला केस कुठला आणि कपाळ कुठलं हे कळत नाही, तो दोन्हीकडे तेच करतो. फरक इतकाच की त्वचेचा हा थर सतत झडत असतो आणि सुमारे दोन आठवड्यांत बदलतो. डाग त्याच्याही वरच्या भागात असल्यामुळे चेहऱ्यावरचा डाग काहीच न करता काही दिवसांत, फार तर आठवड्याभरात पुसट होतो.

यातून दोन गोष्टी निघतात आणि पुढचं सगळं त्यांवरच उभं आहे. पहिली, पूर्ण मुरलेला डाग विरघळवून टाकणारं जादूचं द्रावण नसतं. वर साचलेला रंग सुटा करायचा आणि झडायला आलेल्या पेशी थोड्या लवकर काढायच्या, एवढंच आपल्या हातात असतं. दुसरी, खसाखसा घासून तुम्ही डाग नाही, कातडीचं संरक्षण काढत असता. आणि सोललेल्या, कोरड्या पडलेल्या कातडीत रंग आणखी चटकन मुरतो.

मुरलेला डाग

सुरुवात तेलाने. खोबरेल, बेबी ऑइल, ऑलिव्ह, घरात असेल ते. डागावर बोटाने हलकं चोळा आणि दहा-पंधरा मिनिटं तसंच राहू द्या. तेवढ्यात वरच्या पेशी मऊ पडतात आणि पृष्ठभागावरचा रंग सुटा होतो. मग मऊ कापड कोमट पाण्यात पिळून गोल गोल पुसा. कापडावर तपकिरी छटा आली तर काम होतंय असं समजा. यानंतर साबणाने धुणं विसरू नका, कारण तेलाने सुटं केलेलं साबणच उचलून नेतो. नुसतं तेल पुसून सोडलं तर बराचसा रंग तिथेच बसतो. चेहऱ्यावर पुटकुळ्या येणाऱ्यांनी तेल रात्रभर ठेवू नये. बाकीच्यांनी ठेवायला हरकत नाही.

तेलाने भागलं नाही तर मेकअप काढायचं पाणी, म्हणजे मायसेलर वॉटर, किंवा वॉटरप्रूफ मेकअपसाठीचं दोन थरांचं रिमूव्हर. कापूस भिजवून डागावर अर्धा मिनिट नुसता दाबून धरा, मग पुसा. दाबून धरणं महत्त्वाचं. घाईने फिरवलेला कापूस काहीच करत नाही. पार्लरमध्ये डाग काढायचे वाइप्स आणि बाटल्या मिळतात, त्यांचंही काम साधारण याच धर्तीवर चालतं. त्या जरूर वापरा. पण ‘हेअर कलर रिमूव्हर’ नावाचा डबा वेगळा. तो केसातला रंग उतरवण्यासाठी असतो, चेहऱ्याला लावण्यासाठी नाही.

तिसरी पायरी स्पिरिटची, म्हणजे ७० टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल. कापसावर घेऊन फक्त डागावर, फक्त काही सेकंद. डोळ्यांच्या आसपास, ओठांजवळ, ओरखडा असेल तिथे किंवा नुकतीच दाढी केलेल्या गालावर नाही. लगेच पाण्याने धुवा आणि मॉइश्चरायझर लावा. हेअरस्प्रेने डाग जातो असं सांगतात ते खोटं नाही, कारण त्यात बहुधा अल्कोहोलच असतं. पण सोबत चिकट पदार्थही असतो, मग सरळ स्पिरिट का नको? दोन्ही पेट घेणारे, त्यामुळे गॅसजवळ किंवा उदबत्तीजवळ उभं राहून हा उद्योग करायचा नाही.

आणि थांबायचं कधी? डाग निम्म्याने फिका झाला की. माझं यावर ठाम मत आहे. आपण आरशाला नाक लावून डाग बघतो, समोरचा माणूस हातभर लांबून बघतो. उरलेला निम्मा दोन-चार वेळा चेहरा धुताना जातो. चुरचुरायला लागलं, लाली आली की तिथेच थांबा. काळा डाग दोन दिवसांत जाईल, सोललेलं कपाळ जाणार नाही. संध्याकाळी कुठे जायचंच असेल तर थोडं कन्सीलर लावा.

ज्यांचा रंग निळा, जांभळा, लाल असा भडक आणि विनापेरॉक्साइड आहे त्यांची गोष्ट थोडी वेगळी. तिथे तयार रंगीत रेणूच केसाला आणि कातडीला वरून चिकटलेले असतात. भडक दिसतात, पण स्पिरिटला लवकर दाद देतात. मेंदीचा डाग मात्र यातल्या कशालाच फारसा बधत नाही. मेंदीतलं लॉसोन थेट केराटिनशी जोडलं जातं. तिथे तेल लावून वाट बघणं हाच उपाय.

पार्लरवाल्यांची युक्ती

घरी रंग लावणारे ही पायरी सर्रास गाळतात. वेळ पूर्ण झाली की आपण थेट नळाखाली डोकं धरतो. पार्लरमध्ये तसं करत नाहीत. आधी केसांवर जेमतेम मूठभर कोमट पाणी शिंपडतात आणि हातमोजे तसेच ठेवून केसांच्या कडेने बोटं गोल गोल फिरवतात. रंगाचं क्रीम पाण्यात मिसळून पातळ, साय फेटल्यासारखं होतं. मिनिट-दोन मिनिटं असंच कपाळाच्या कडेला, कानामागे आणि मानेवर फिरवायचं. क्रीमच्या मूळ मिश्रणात मळ सुटा करणारे घटक असतातच, त्यामुळे तोच रंग कातडीवरचा वाळलेला डाग ओला करून स्वतःबरोबर घेऊन जातो. मग भरपूर पाणी, मग शाम्पू.

काट्याने काटा काढण्यातला प्रकार आहे, पण एक मर्यादा पाळा: हे फक्त धुण्याच्या आधी आणि तेवढ्याच वेळापुरतं. वाटीत उरलेला रंग डागावर थापून बसायचं नाही. उरलेला डेव्हलपर डागावर चोळणं तर त्याहून चूक. डेव्हलपर रंग पक्का करण्यासाठी आहे, काढण्यासाठी नाही.

हे करू नका

ब्लीचचं पाणी, फरशी किंवा संडास धुण्याचं द्रावण, काहीही असो, कातडीवर नाही. क्लोरीनवालं ब्लीच आणि अमोनिया एकत्र आले की क्लोरामिनचा विषारी वायू होतो, आणि डायमध्ये अमोनिया असू शकतो. नेलपॉलिश रिमूव्हर चेहऱ्यावर नाही; ॲसिटोन कातडी पार कोरडी करतं.

लिंबू घरोघरी सुचवतात. मला ते अजिबात पटत नाही. लिंबाचा रस अतिशय आंबट, म्हणजे आधीच चोळलेल्या कातडीला झोंबणारच, आणि तो लावून उन्हात गेलं तर भाजल्यासारखे चट्टे उठू शकतात. पुढे ते काळे पडून कित्येक आठवडे राहतात. एक डाग काढायला गेलो आणि त्याहून टिकाऊ डाग घेऊन आलो, असं होतं. टूथपेस्टने डाग थोडा जातो, कारण त्यात घासणारी पूड असते. पण कपाळाची कातडी म्हणजे दात नव्हे. खायच्या सोड्याचं तेच. हाताच्या तळव्यावर चालेल, चेहऱ्यावर नाही. आणि एकामागून एक सगळंच लावून बघणं, तेल, मग सोडा, मग लिंबू, मग स्पिरिट, हे तर आगीतून फुफाट्यात.

हात आणि नखं

तळहाताची कातडी जाड, ती जास्त सोसते. तेल आणि साखर कालवून चोळा, मग भांडी घासायच्या साबणाने धुवा, उरलं तर स्पिरिट. नखांची मात्र खरी पंचाईत. नखही केराटिनचंच, पण ते झडत नाही, फक्त वाढतं, आणि तेही महिन्याला सुमारे ३ मिलिमीटर. म्हणजे आत मुरलेला रंग नख वाढून कापलं जाईपर्यंत सोबत राहू शकतो. वरवरचा डाग नेलपॉलिश रिमूव्हरने निघतो. फक्त नखावर कापूस टेकवा, कडेच्या कातडीला लागू देऊ नका, खिडकी उघडी ठेवा. नंतर नखांना आणि नखांच्या मुळांना तेल लावा.

पण हातमोजे घातले असताना नखं काळी होतातच कशी? बघा: डब्यातले पातळ प्लास्टिकचे मोजे मनगटाला ढिले असतात, हात वर केला की रंग आत ओघळतो. किंवा मोजे मध्येच काढून, उलटे करून, पुन्हा घातलेले असतात. किंवा, आणि हे सगळ्यात जास्त होतं, लावताना घातलेले मोजे धुताना काढून टाकलेले असतात. धुवायच्या पाण्यात रंग असतोच की. मनगटाला घट्ट बसणारे नायट्राइलचे मोजे घ्या, मनगटावर रबरबँड लावा आणि पहिला शाम्पू होईपर्यंत काढू नका.

तरी दर वेळी पडतो, तर कुठे पडतो ते बघा

डागाची जागाच कारण सांगते. पुढच्या वेळी काढण्याआधी आरशात नीट बघून घ्या.

कपाळावर सलग रेघ असेल तर संशय टोपीवर घ्या. रंग लावून प्लास्टिकची टोपी कपाळापर्यंत ओढली की तिची कड ओला रंग कातडीवर दाबून धरते, वर आत उबही साठते. टोपीची कड केसांवरच राहील अशी बसवा. रेघेऐवजी सुटे ठिपके असतील तर ब्रशवर रंग जास्त घेतला जातोय, किंवा कडेचे केस सगळ्यात आधी रंगवले जातायत. पांढरे केस पुढेच जास्त असतात म्हणून सुरुवात तिथून करावीशी वाटते, पण मागून सुरू करून पुढची कड शेवटी घेतली तर कपाळावर रंग राहण्याचा वेळ कमी होतो. मात्र पुढचे केस पिकलेले आणि रंग न धरणारे असतील तर त्यांना पूर्ण वेळ हवाच. मग शेवटी लावून धुण्याची वेळ तिथून मोजा.

कानावर डाग पडणाऱ्यांनी आधी चष्म्याकडे बघावं. रंग लावून झाला की वेळ घालवायला चष्मा चढवून मोबाइल बघायला बसतो. काड्या रंगाने माखतात आणि तो रंग कानाच्या वर, अगदी खाचेत जाऊन बसतो. काड्यांना फॉइल गुंडाळा. फोन कानाला लावू नका, स्पीकरवर घ्या. कानाला प्लास्टिकची टोपणं मिळतात, तीही चांगली.

मानेवरचे ओघळ बहुधा टॉवेलमुळे. धुतल्यावर ओले केस टॉवेलमध्ये गुंडाळले, टॉवेल मानेशी ओला राहिला, की तिथे डाग. पाणी अगदी स्वच्छ येईपर्यंत केस धुवा, हाच त्यावर उपाय. भांगातली टाळू काळी दिसत असेल तर तिच्या मागे लागू नका. दोन-तीन शाम्पूंत ती फिकी होते, आणि तिथे स्पिरिट चोळलं तर लावलेला रंगही फिका होऊ शकतो.

दाढी-मिशीचा रंग हा वेगळाच ताप, कारण केसाखालची कातडीच रंगते. तिथे बोटाने किंवा मोठ्या ब्रशने थापू नका, जुन्या टूथब्रशवर अगदी थोडा रंग घेऊन केसांच्या टोकांवरून फिरवा आणि डब्यावर लिहिलेल्या वेळेपेक्षा एक मिनिटही जास्त ठेवू नका. दाढीची कड कोरल्यानंतर लगेच रंग लावला तर ती कड हमखास काळी होते. आधी रंग, कोरणं दुसऱ्या दिवशी.

आणि जागा कुठलीही असो, आदल्या दिवशी काय केलंत ते आठवा. स्क्रब, फेशियल, वॅक्सिंग, थ्रेडिंग, रेटिनॉल किंवा ॲसिडवालं क्रीम, कडक साबणाने खळखळून धुतलेला चेहरा. या सगळ्याने वरचा थर पातळ होतो किंवा त्याचा तेलकटपणा जातो आणि रंगाचं फावतं. स्वच्छ चेहऱ्यावर डाग कमी पडेल असं वाटतं, होतं उलटंच. डोकंही रंगाच्या दिवशी धुवू नका, आदल्या दिवशी धुतलेलं बरं.

व्हॅसलीन सगळे लावतात, पण लावायची पद्धत बघा. डबीतून बोटभर काढून केसांच्या कडेवर फासलं की ते केसांवरही जातं आणि तिथे रंग चढत नाही. मग कडेला पांढऱ्या केसांची झालर राहते आणि ती झाकायला पुन्हा रंग. मटारच्या दाण्याएवढं घ्या, केस मागे ओढून बांधा, आणि केसांपासून दोन-तीन मिलिमीटर खाली बोट टेकवून भुवईच्या दिशेने ओढा. केसांकडे नाही. थर दिसला पाहिजे, नुसती चकाकी पुरत नाही. कानाच्या वरची वळी, कानामागची खाच आणि मानेवरचे बारीक केस संपतात ती जागा, या तीन ठिकाणी पुन्हा एकदा. ज्यांच्या कपाळावर बारीक लव केसांत मिसळलेली असते त्यांना ही रेघ नीट साधत नाही. त्यांनी कापसाची लांब वात वळून कडेला चिकटवावी आणि ती रंगाने भिजली की बदलावी. भिजलेली वात तशीच ठेवली तर डाग तीच पाडते.

डाग नसून दुसरंच काही असेल तर

काळसर पट्ट्याभोवती खाज, लाली, पुरळ, बारीक पाण्याचे फोड, डोळ्यांच्या पापण्यांना सूज, असं काही दिसलं तर डाग काढायचं सोडून द्या. ही पीपीडीची ॲलर्जी असू शकते. ती बहुधा लगेच दिसत नाही, एक ते तीन दिवसांनी उठते, म्हणून ‘रंगामुळे नसेल’ असं वाटतं. वर्षानुवर्षं तोच डबा वापरणाऱ्यालाही ती एकाएकी सुरू होऊ शकते, आणि एकदा झाली की सहसा जात नाही. पुढच्या वेळी जास्त जोरात येते. ‘हर्बल’, ‘अमोनियारहित’ या शब्दांवर जाऊ नका. अमोनिया नसला तरी पीपीडी असू शकतं, पाण्यात कालवायच्या काळ्या पावडरीतही असू शकतं. मागची घटकांची यादी वाचा. त्वचारोगतज्ज्ञाकडे जाताना तो डबा सोबत न्या. चेहरा सुजला किंवा श्वास घ्यायला त्रास झाला तर वाट न बघता थेट दवाखाना.

दर वेळी रंगापूर्वी ४८ तास आधी कोपराच्या आतल्या बाजूला किंवा कानामागे थोडा रंग लावून बघावा, असं डब्यावर लिहिलेलंच असतं. नेमकी पद्धत त्या पत्रकात दिलेली असते, तीच पाळा. भुवया आणि पापण्यांना केसांचा रंग कधीही लावू नका, दृष्टी जाण्यापर्यंत इजा होऊ शकते. रंग डोळ्यात गेलाच तर कॉन्टॅक्ट लेन्स काढून किमान १५ मिनिटं साध्या पाण्याने डोळा धुवत राहा आणि डॉक्टरांना दाखवा. कपाळावरचा डाग तोवर थांबेल.